पऱ्हाटीची चौकट

त्या रविवारी वांगी फार सुरेख भाजली गेली. सगळ्यांनी तसं सांगितलं. साल कशी अलगद सुटते, धुराचा वास कसा आतपर्यंत गेलाय. मी चुलीशी पुऱ्या तळत होते आणि मलाही बरंच वाटत होतं, कारण काय जळलंय ते मला अजून कळलं नव्हतं.

नभा झाल्यापासून फोन माझ्यामागे लागला होता. नव्या आईने स्वतःसाठी काय करावं, हे मला तो उठता बसता सांगायचा. एक गोड बाई म्हणायची, गरम पाण्याचा टब भरा, मेणबत्ती लावा, तासभर कुणाशी बोलू नका. आमच्या असोद्यात मेणबत्ती वीज गेली की लागतेच. टब आहे, त्यात म्हैस पाणी पिते. आणि मी तासभर बोलले नाही तर सासूबाई माझ्या आईला फोन लावून विचारतील, पोरीला काय झालं म्हणून. दुसरी म्हणायची, डोळे मिटा, दहा मिनिटं शांत बसा. मी मिटले. नभाने केस धरून ओढले. त्या बाईच्या मांडीवर कुणीच नसायचं, याचाच मला राग यायचा.

मग एकदा नभाला पाजत असताना एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. चेहरा नाही, बोलणं नाही, नुसते दोन हात. नखं माझ्यासारखीच तुटलेली. ते हात केळीच्या खोडाचं सोपट सोलत होते, खरवडून त्यातून दोरे काढत होते आणि काड्यांच्या चौकटीवर सावकाश विणत होते. कुठला देश ते कळेना, पण केळ मी ओळखली. आमच्या परसामागेच बाग आहे. घड उतरवला की खोड बांधावर पडून कुजतं, कुणी त्याकडे बघतही नाही.

मी एक खोड ओढत आणलं. चमच्याच्या पाठीने सोपट खरवडलं, दोरे धुतले, वाळवले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीतून चार सरळ काड्या निवडल्या, चौकट बांधली आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.

दुपारी नभा झोळीत झोपायची. झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्याला बांधायचे. पाय हलत राहायचा आणि हात मोकळे. तेवढाच वेळ माझा. आतल्या सोपटाचा रंग सायीसारखा, बाहेरच्याचा गुळासारखा. मधून एक निळी रेघ नेली होती. नभाचं पहिलं टोपडं तिला होईनासं झालं, तेव्हा ते उसवून लोकर काढली होती. त्या लोकरीला अजून तिच्या टाळूच्या तेलाचा वास होता.

सासूबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या. "अवं मयुरी, हे काय करू राह्यली व तू? कशाच्या कामाचं हाये ते?"

"असंच, आई."

"असंच कोनी करतं का? चीक लागला तं लुगडं गेलं म्हनून समज."

आमचे हे, हितेंद्र, म्हणाले, "पायपुसणं का?" धाकटा दीर पियुष जळगावला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "वहिनी, रील टाका. व्ह्यूज येतील, ऑर्डरी येतील." त्याला मी सांगितलं, मला ऑर्डरी नकोत. मग कशाला करता, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तर तो रविवार. पियुषचे मित्र भरीत खायला आले होते. आमच्याकडे भरिताची रीत ठरलेली. पुरुषांनी अंगणात वांगी भाजायची आणि मग दिवसभर त्याचं कौतुक ऐकायचं. कांद्याची पात, मिरच्या, पुऱ्या, भांडी हे सगळं बायकांचं. ते कौतुकात धरत नाहीत. मी नभाला कमरेवर घेऊन तळत होते. दवामुळे अंगणातली पऱ्हाटी ओली झाली होती, नुसता धूर होत होता.

पियुष दारातून ओरडला, "आई, मागच्या भिंतीची घेऊ का?"

"घे, घे! पडूनच हाये," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या भिंतीला एक भाराही होता. मला तोच वाटला. थंडीच्या दिवसांत असोद्यात भिंतीला टेकलेली पऱ्हाटी म्हणजे वांग्यांची, हे शेंबड्या पोरालाही माहीत. माझी चौकटही त्याच पऱ्हाटीची होती.

मी ओसरीवर पहिल्या पुऱ्या वाढायला गेले, तर पियुषने फोन पुढे केला. "वहिनी, बघा, काय जाळ आलाय! आत्ताच टाकला, धडाधड लाइक येताहेत."

जाळ खरंच देखणा होता. त्यात चार कोपरे दिसले. केळीचा दोरा कागदासारखा पेटतो. सायीचा रंग गेला, गुळाचा गेला. निळी रेघ क्षणभर तशीच ताठ राहिली, मग आकसली. वर गाणं लावलं होतं.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

"काय?" त्याने फोन स्वतःकडे वळवला. "अरे! ते होतं का? मला वाटलं, जाळायचंच आहे."

एक मित्र हसला. "म्हणून भरीत भारी झालं, वहिनी! हाताची कला उतरली."

सासूबाई म्हणाल्या, "मले काय माहीत? मी भारा समजली." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, लाकडी बडगीतलं भरीत घोटत होत्या.

हितेंद्र समजुतीच्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे ना. दुसरं कर. केळी काय कमी आहेत का आपल्याकडे?"

कमी नाहीत. टोपडं एकच होतं.

मी आत गेले आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. कढईतली पुरी फुगता फुगता बसली. झोळीची दोरी घेऊन बाहेर आले. नभाला ओसरीवरच्या झोळीत ठेवलं आणि खाली बसून दोरीचं टोक पियुषच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, त्याच्या चारही मित्रांसमोर. घट्ट बांधलं.

"वहिनी, काय करताय?"

"झोपवा तिला."

"अहो, पण पुऱ्या?" एक मित्र म्हणाला.

"पीठ परातीत आहे. हितेंद्रना लाटता येतं." त्यांना येत नाही. नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच चारचौघांत घेतलं होतं. सासूबाईंचा हात बडगीत थांबला.

"मयुरी, लोक बसले हायेत व जेवाले!"

"बसू द्या, आई. असंच."

पियुषने हळूच विचारलं, "वहिनी, रील डिलीट करू का?"

त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी विणकामाचा एक फोटोही काढला नव्हता. दाखवायचं नव्हतंच कुणाला. आता ते तेवढ्या जाळातच दिसणार होतं.

"करायचं नाही," मी म्हणाले. "मला पाठवा. गाणं काढून पाठवा."

कोनाड्यातला विळा घेऊन मी बागेत गेले. कालच घड उतरवलेलं खोड होतं. पहिला वार घातला तसा चीक उडाला, सणावाराच्या पिवळ्या साडीवर. मी साडी खोचलीसुद्धा नाही. तो डाग काळा पडणार आणि कधीच जाणार नाही, हे मला माहीत आहे. धुणार मीच असते.

एकेक सोपट मी सोलून काढत होते. मागून घरातून लाटण्याचा आवाज आला, मग सासूबाईंचा, "तसं नाही रे बावा, पातळ!" मग नभा रडायला लागली.

"वहिनी, ही उठली! काय करू?" पियुष ओरडला.

माझी छाती दुधाने दाटून आली. पाय घराकडे वळले होते. मी ते तिथेच रोवून उभी राहिले.

"पाय हलवा, भाऊजी," मी ओरडून सांगितलं. "थांबवू नका."

थोड्या वेळाने झोळीची कडी कुरकुरायला लागली. मी पुढचं सोपट हातात घेतलं.