ब्रेकचं बोलणं

सिद्धनाथ ओमानात पाण्याचा टँकर चालवायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तो गेला होता आणि आता त्याला तिकडं तिसरं वर्ष लागलं होतं. पालीच्या वर, डांबर संपून मुरमाचा रस्ता सुरू होतो तिथल्या वस्तीवर त्याची बायको आरती सासूसासऱ्यांजवळ राहायची. सकाळी स्कूटीवरून वरव्याजवळच्या मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, ती दिवस कलल्यावर परत. सिद्धनाथचा फोन त्याच सुमाराला यायचा. सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड, पुढंपुढं आठवड्यातून एकदा.

"जेवलीस का?"

"अजून न्हाई. तुमी?"

"जेवतो आता."

एवढं झालं की दोघंही गप्प. बोलायला काही नव्हतं असं नाही. पण जे बोलायचं होतं ते अंगणात, सासूसासऱ्यांच्या समोर उभं राहून बोलण्यातलं नव्हतं, आणि घरात शिरलं की रेंज जायची.

पौषात एकदा त्याचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. उन्हाळ्यात महिनाभर रजा मिळणार होती, आणि त्याला गाडी घ्यायची होती. साधीसुधी नव्हे, ती जड, लांबोडकी, बसकी क्रूझर मोटारसायकल. राजगड बघायला येणारी शहरातली माणसं पालीत तसल्या गाड्या लावून जायची आणि शेरडं राखणारा सिद्धनाथ त्यांच्याभोवती घुटमळत राहायचा, तेव्हापासूनचं त्याचं ते खूळ होतं.

"धनाजी त्याची इकतोय," तो म्हणाला.

धनाजी त्याचा वेल्ह्याचा शाळासोबती. आता त्यानं टेम्पो घेतला होता. ती गाडी आरतीला चांगली माहीत होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सिद्धनाथनं ती मागून आणली होती आणि तिला भाटघरच्या पाण्यावर नेलं होतं. जाताना ती मागचा दांडा धरून बसली होती. येताना त्याच्या पाठीला टेकून. त्या पाठीची ऊब तिला अजून आठवायची, कधी कधी मसाल्याच्या पुड्या भरता भरताच.

"घ्या की मग," ती म्हणाली.

"पण तिला एबीएस न्हाई. जुनी हाय ना. भोरला एकाकडं दुसरी हाय, एबीएसवाली. रंग तेवढा मनासारखा न्हाई. तू दोन्ही बघून घे."

एबीएस म्हणजे काय ते आरतीनं कारखान्यातल्या ड्रायव्हरला विचारून घेतलं. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होत नाही. धर-सोड, धर-सोड असं ते आपलं आपण करतं, म्हणून गाडी घसरत नाही. त्याचा पुढचा फोन आला तेव्हा तिनं ते सांगितलं. सिद्धनाथ हसला.

"डांबरावर बरोबर हाय ते. पण आपल्या वरच्या मुरमावर ते उलटं नडतं. साधं चाक जाम झालं की मुरमात रुतून थांबतं. एबीएसवालं खाली घरंगळत जातं. आन म्या एवढा टँकर हाकतो, मला काय ब्रेक मारता येत न्हाई?"

"आन वल्या डांबरावर? शेण पडलेलं असलं तर?"

"थांब, उद्या सांगतो. हितं एकाला इचारतो."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. तिसऱ्या दिवशीही. जड गाडीचा मागचा ब्रेक जास्त कामाचा की पुढचा, एबीएस एका चाकाला पुरतं की दोन्हींना पाहिजे, बिघडलं तर वेल्ह्यात ते कोण दुरुस्त करणार. सिद्धनाथ तासतास बोलायचा. मध्येच खोडी काढायचा, मध्येच तिकडच्या उन्हाचं सांगायचा. त्याचा आवाज पुन्हा लग्नातल्यासारखा लागायला लागला. आरतीच्या ध्यानात आलं, की गाडीचं ठरत नाही तोवर फोन येतोय. मग ती रोज एक शंका उद्यासाठी राखून ठेवायला लागली. उत्तर कळलेलं असलं तरी विचारायची.

"अजून ब्रेकच चाललाय का तुमचा?" सासरे नाथा मामा म्हणायचे. ती नुसती मान हलवायची.

एका रविवारी धनाजी आपली गाडी वर घेऊन आला. "वहिनी, चालवून बघा म्हणजे फोनवर सांगाया बरं," म्हणाला. आरती माहेरी वडलांची मोटारसायकल चालवायची, त्यामुळं तिला भीती नव्हती. गाडी जड खरी, पण बसकी. दोन्ही पाय भुईला टेकत होते. नाथा मामांना पालीत काम होतं, ते पटका सावरत मागं बसले. मुरमाचा उतार तिनं हळूहळू उतरवला. खाली डांबर लागलं तशी गाडी जरा मोकळी सोडली. इंजिनाचा तो धडधडणारा आवाज, उन्हं, वारा. क्षणभर तिला वाटलं, आपण मागं बसलोय आणि पुढं तो आहे.

तेवढ्यात वळणावर घळीतून शेरडं आडवी आली. आरतीनं पायातला ब्रेक दाबला तो सगळा जोर लावून. मागचं चाक जाम झालं, गाडीची शेपटी एका बाजूला फिरली आणि एवढं मोठं धूड सावकाश आडवं झालं. नाथा मामा पाय फाकवून आधीच उभे होते. आरतीची पोटरी मात्र गाडीखाली अडकली. शेरडं दोघांना वळसा घालून निघून गेली. मामा आणि तो शेरडांमागचा माणूस अशा दोघांनी घामाघूम होऊन गाडी उचलली.

"बैल बसला तर शेपूट पिरगाळली की उठतो," मामा धापा टाकत म्हणाले. "ही बसली ती बसलीच." मग तिच्या पायाकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "सिद्धाला सांग, पोरी. लपवू नको."

संध्याकाळी तिनं सांगितलं.

"पाय?"

"सुजलाय. हलतोय पण."

"आबा?"

"मामास्नी काय न्हाई झालं."

"म्या तिथं असतो तर," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "भोरची घे. एबीएसवाली."

"मुरमाचं काय मग?"

"मुरमावर हळू जाता येतं. अचानक कायतरी आडवं येतं, तवा हळू दाबायचं कुणाला सुचतंय? तुला न्हाई सुचलं, मलाबी न्हाई सुचायचं. घे तीच."

फोन ठेवल्यावर आरती अंगणातच उभी राहिली. ठरलं ते चांगलंच ठरलं होतं. तिला मात्र हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

सूज उतरल्यावर ती भोरला गेली. रिकाम्या रस्त्यावर तिनं मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. तळव्याखाली ब्रेकचं पेडल थरथरलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. घरी आणल्यावर सासूबाईंनी हळदकुंकू लावलं. सिद्धनाथनं व्हिडिओवर गाडी सगळीकडून बघितली. आणि मग फोन दोन दिवसांनी आला, मग चार दिवसांनी. चैत्रात त्यानं सांगितलं, की त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नाही. रजा दिवाळीच्या पुढं ढकलली गेली.

"बरं," आरती म्हणाली.

गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते म्हणून ती अधूनमधून चालू करायची. एका रविवारी तिनं ताडपत्री काढली, मामांना सांगितलं आणि निघाली, मार्गासनीवरून नसरापूर, तिथून पुढं भाटघर.

पाणी पार खाली गेलं होतं. जिथं ते दोघं बसले होते तिथपासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ होता आणि त्यात म्हशी चरत होत्या. तिनं गाडी झाडाखाली लावली आणि आपण होऊन त्याला फोन लावला. असा तिनं कधी लावला नव्हता.

"काय झालं?" तो घाबरूनच म्हणाला.

"काय न्हाई. भाटघरला आलीया. गाडी घेऊन."

"एकटी?" मग त्यानं विचारलं, "ब्रेक कसा लागतोय?"

"ब्रेकचं ऱ्हाऊ द्या," आरती म्हणाली. "मला तुमची लई आठवण येतीया. घरात बोलता येत न्हाई म्हणून हितं आली."

पलीकडं टँकरचं इंजिन चालू होतं. ते बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"बोल," तो म्हणाला. "हितं कुणी न्हाई."

"हितंबी कुणी न्हाई."

मग ती बोलली. रात्री ती कुठल्या कुशीवर झोपते ते, त्याचा जुना सदरा अजून धुतलेला नाही ते, आणि दिवाळी किती लांब आहे ते. तोही बोलला, मध्ये एकदा रडला असावा. मोबाईल कानाला भाजायला लागला तेव्हा तिनं फोन ठेवला.

परत येताना ती सावकाश आली. मागची सीट रिकामी होती आणि प्रत्येक खड्ड्याला ते तिला जाणवत होतं.