विषाच्या टेकडीवरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. गुडगावच्या बाहेर, जिथे अरवलीच्या टेकड्या बुटक्या होत होत संपतात, तिथल्या एका पायवाटेच्या तोंडाशी मी उभी आहे. माझा रंग उडाला आहे, एक कोपरा गंजून गळून पडला आहे. पण मी काही पहिल्यापासून अशी नव्हते.

माझा जन्म दिल्लीच्या पहाडगंजमधल्या एका अरुंद गल्लीत झाला. तिथे गुणवंत पेंटर नावाचे नागपूरकडचे गृहस्थ हॉटेलांच्या पाट्या रंगवत. इतर पाट्यांवर ते कमळं आणि मोर काढत. माझ्यावर मात्र त्यांनी कवटी काढली आणि खाली हिंदीत नि इंग्रजीत लालभडक अक्षरांत लिहिलं, 'सावधान! इथे जमिनीत विष आहे.' ब्रश पुसत ते म्हणाले, "ही वाचून एक जरी जीव वाचला, तरी माझ्या हाताचं सार्थक झालं." ते ऐकून मला केवढा अभिमान वाटला! मोर दाखवून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या पाट्यांपेक्षा माझं काम मोठं होतं.

ते दिवस नवलाईचे होते. परदेशी कंपन्या येत होत्या. मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या. पुण्या-मुंबईची माणसं नोकरीसाठी येऊन नव्या कॉलन्यांत राहू लागली होती. अशाच एका कॉलनीच्या मागे ही टेकडी. ती कॉलनीच्या मालकीची नव्हती. गावची शामलात जमीन होती ती, म्हणजे सगळ्यांची. तिथे शेळ्या चरत, बायका सरपण गोळा करत, आणि कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झुडपांत कोल्हे राहत. दिवस मावळला की त्यांची कोल्हेकुई सुरू होई आणि कॉलनीतली माणसं खिडक्या लावून घेत.

कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी होते श्यामकांत. मूळचे पुण्याचे, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या सुखदाचं पांढरं कुत्र्याचं पिल्लू कोल्ह्याने अंगणातून उचललं. नऊ वर्षांची पोर जेवेना, शाळेत जाईना. बापाचं काळीज तुटलं. त्यांनी समितीची बैठक बोलावली आणि एका कंत्राटदाराला काम दिलं. त्याच्याकडे लोखंडी नळ्या होत्या. नळी जमिनीत ठोकायची, वर मांसाचा वास लावलेला लोकरीचा बोळा बसवायचा. जनावराने तो दातांनी ओढला की आतली स्प्रिंग सुटायची आणि विषाची भुकटी थेट तोंडात उडायची. अशा बारा नळ्या त्याने झुडपांत ठोकल्या आणि वाटेच्या तोंडाशी मला रोवलं.

मी ताठ उभी राहिले. लोक मला वाचत आणि वाट बदलत. वाटलं, जन्माला आल्याचं चीज झालं.

पण मित्रांनो, टेकडीवर वाचता येणारे असे किती? आधी एक मुंगूस गेलं. मग एक उदमांजर. मग भूरा. भूरा म्हणजे गावात शेळ्या राखणाऱ्या रामरतीचा कुत्रा. सकाळी शेपूट हलवत तो माझ्या शेजारून गेला. थोड्याच वेळात रामरतीचा आक्रोश ऐकू आला.

श्यामकांतांच्या शेजारच्या वैजयंतीबाई रोज टेकडीवर फिरायला येत. त्या धावत गेल्या. वैजयंतीबाईंच्या शालीत भूराला गुंडाळून दोघींनी त्याला माझ्यापाशी आणून ठेवलं. गलका ऐकून श्यामकांतही वर आले.

"वहिनी, ही पाटी लावलीय ना इथे?" माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "आणखी काय करायचं आम्ही?"

रामरतीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी," ती म्हणाली, "म्हारा भूरा पढा-लिखा ना था."

जेठ महिन्यातल्या रणरणत्या उन्हाने कधी बसला नव्हता असा चटका मला त्या शब्दांनी बसला.

वैजयंतीबाईंनी शालीचं टोक भूराच्या तोंडावर ओढलं. "भावजी, कोल्हे खाली का येतात, माहितीय? कोपऱ्यावर आपण खरकटं टाकतो, कोंबडीची हाडं टाकतो, त्या ढिगाऱ्यावर येतात. आपणच त्यांना पंगतीला बोलावतो आणि आपणच विष वाढतो."

"बिल्कुल पटतंय, वहिनी. पण माझ्या सुखदाकडे बघा ना. तिच्यासाठीच करतोय मी हे सगळं."

त्यानंतर काही दिवसांनी एक कोल्हा मेला. श्यामकांत सुखदाला हाताला धरून वर घेऊन आले. "बघ बेटा, तुझ्या पिल्लाला नेणारा हाच. आता तो कधीच येणार नाही."

सुखदा उकिडवी बसली. बराच वेळ पाहत राहिली. त्या जनावराची आचळं दुधाने तटतटली होती.

"बाबा, ही आई आहे. हिची पिल्लं कुठेत?"

श्यामकांतांनी तिला उठवायला हात पुढे केला.

"तुम्ही हे माझ्यासाठी केलंत?"

"हो ना, बेटा."

"पण मी सांगितलंच नव्हतं." दिल्लीकडे वाढलेली ती पोर, मराठी शब्द शोधत बोलत होती. "मला माझं पिल्लू वापस पाहिजे होतं, बाबा. कुणी मरायला नको होतं."

त्या संध्याकाळी झुडपातून बारीक केकाटणं ऐकू येऊ लागलं. रामरती आणि वैजयंतीबाई काठीने झुडपं बाजूला सारत बीळ शोधत राहिल्या. श्यामकांतही आले, ऑफिसच्या कपड्यांत, काट्यांतून सरपटत. बीळ सापडलं नाही. केकाटणं दोन-तीन दिवस चाललं. मग थांबलं.

नळ्या काढायचा ठराव समितीत श्यामकांतांनीच मांडला. "मग काय, कोल्ह्यांना ओवाळायचं, यार?" अशी कुरकुर झाली. वैजयंतीबाई घरोघर फिरल्या. शेवटी ढिगाऱ्याच्या जागी झाकणाचे डबे आले, अंगणांना जाळ्या लागल्या, आणि कोल्हे खाली यायचे हळूहळू कमी झाले. श्यामकांत स्वतः रामरतीच्या दारी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर ती शेळ्या घेऊन वर येई तेव्हा दोघं एकमेकांना हात जोडत.

कंत्राटदार नळ्या उपटायला आला. अकरा निघाल्या. बारावी कुठे ठोकली, ते त्याला आठवेना. श्यामकांतांनी कित्येक रविवार काठी घेऊन टेकडी पालथी घातली. पावसाळा आला, गवत वाढलं. नळी सापडली नाही. म्हणून मला कुणी उपटलं नाही.

आता बरीच वर्षं लोटली. श्यामकांत पुण्याला परत गेले. रामरतीच्या शेळ्या दिसत नाहीत. मोठा रस्ता झाला, मॉल झाले. मला इथे कुणी आणि का लावलं, हे सांगणारं आता कॉलनीत कुणी नाही. लाल अक्षरं फिकट गुलाबी झाली आहेत. कवटीवर कुणीतरी 'खोली भाड्याने' असा कागद चिकटवला आहे. खण्णकन आवाज येतो म्हणून मुलं मला दगड मारतात. दगडांचं मला दुःख नाही. ती न वाचता पुढे जातात, याचं आहे.

मित्रांनो, सगळ्यांच्या जमिनीत विष पेरायला एक दुपार पुरते. ते कुणाच्या तोंडी जाईल, हे पेरणाऱ्याच्या हातात राहत नाही, आणि कितीही मोठी पाटी लावली तरी ते पाटीच्याही हातात नसतं. पुन्हा कुणी असं पेरायला निघालं, तर त्याला आधी माझ्यापाशी घेऊन या. आणि तुम्ही आलात, तर तो कागद तेवढा खरवडून काढा, मला लाल रंगाचा एक हात द्या. पायवाट सोडू नका. सोबत कुत्रा असेल तर साखळी घट्ट धरा. ती बारावी नळी अजून इथेच कुठेतरी आहे.