माझा एकुलता एक नमस्कार

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, दिसायला मी अगदीच बेताचा: काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. रक्तपेढीतल्या एका संगणकात माझा मुक्काम. कोणत्या गटाचं रक्त कोणत्या कप्प्यात आहे, एवढंच मी सांगतो.

मला घडवणाऱ्या बाई जगावेगळ्या. एक अक्षर लिहिण्याआधी त्या चार दिवस नुसत्या तंत्रज्ञ ताईंच्या शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. ताईंच्या हातात कायम रबरी मोजे, त्यात एक हात रक्ताच्या पिशवीत गुंतलेला. ते पाहून बाईंनी मला चारच कळांवर चालणारा केला. मोठ्या डॉक्टरांना रंग हवे होते, तक्ते हवे होते, रक्तदात्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही हव्या होत्या. दर वेळी बाई ताईंकडे वळत.

"ताई, हे नाही म्हणून कधी अडलं का तुमचं?"

"छे! माझं कशाला अडतंय?"

झालं, मागणी तिथेच बारगळे. बाईंनी माझी एकच हौस पुरवली. सुरू होताना मी ठळक अक्षरांत 'नमस्कार' म्हणायचो. त्याचा मला केवढा तोरा होता!

अकरा वर्षांनी नवा प्रोग्राम आला. काय त्याचा थाट! चाळीस पर्याय, सतरा रंग. मीसुद्धा पाहत राहिलो. मला कोपऱ्यात सरकवलं. ताई मात्र प्रत्येक पिशवीची नोंद नव्यात करून माझ्यातही करत. सगळे त्यांना हसत. "सवय हो, जात नाही," त्या म्हणत.

एका दुपारी प्रसूतिकक्षातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, बी निगेटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं. नवा म्हणाला, शून्य पिशव्या. तिचा नवरा चिठ्ठी घेऊन दुसरीकडे धावायला निघाला.

"अहो, थांबा!" ताई ओरडल्या. "सकाळी मीच ठेवल्यात की!"

त्यांनी मला उघडलं. मी नमस्कार केला. मग दोन कळा, आणि उत्तर: कपाट दोन, कप्पा तीन, पिशव्या दोन. पिशव्या तपासून लगेच वर गेल्या.

नवा खोटारडा नव्हता हो. सकाळी कुणीतरी त्याला 'फक्त याच आठवड्यात मुदत संपणाऱ्या पिशव्या दाखव' असं सांगितलं होतं आणि ते बदलायचं राहून गेलं. चाळीस पर्यायांच्या गर्दीत त्या एका पर्यायापुढची खूण कुणाला दिसणार?

संध्याकाळी तो नवरा जिना उतरून आला. "दोघी सुखरूप आहेत," एवढंच म्हणाला आणि ताईंसमोर ढसाढसा रडला.

मग बाईंना बोलावणं गेलं.

"आता याच्यात काय काय वाढवाल?" डॉक्टरांनी विचारलं. बाई पुन्हा त्याच स्टुलावर बसल्या.

"ताई, त्या दिवशी याचा नमस्कार संपेपर्यंत थांबावं लागलं का?"

ताई घुटमळल्या. "तीनच सेकंद. पण फार लांब वाटले."

बाईंनी तो नमस्कार पुसून टाकला.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा तेवढाच एक दागिना होता. पण आता ताईंचं बोट कळेवर पडतं न पडतं, तोच मी हजर असतो.

मित्रांनो, तुम्हीही कुणासाठी काही बनवाल, तेव्हा आधी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा. आणि बाई कधी भेटल्याच, तर मला आता म्हणता येत नाही, तेव्हा माझा नमस्कार त्यांना तुम्हीच सांगा.