सोमारीची साक्ष

अंगणातून चालता चालता सोमारी मधेच थांबायची, बाजूला सरायची आणि कोणाला तरी वाट द्यायची. समोर कोणी नसायचं. मग आईकडे वळून ती कानाची पाळी चिमटीत धरायची. ही गावातल्या कोलूची खूण. त्याच्या कानात पितळेची बाळी होती.

कोलू नाल्यात मरून सापडला, तेव्हापासून हे चाललं होतं. शकुबाई भिणाऱ्यातली नव्हती. रिकाम्या अंगणाकडे तोंड करून ती ठणकावायची, "आलास तं बस, पानी पी. माह्या पोरीच्या मांगं मांगं काऊन फिरतं? मारनाऱ्याच्या घरी जा ना!" बोलून व्हायचं, पण झाडू धरलेला हात गार पडलेला असायचा.

जंगलाच्या ठेकेदाराचा दिवाणजी कोलूला बेगारीला बोलवायला आला होता. आता बेगार बंद झाली, असं कोलूनं त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि त्याच सांजेला त्याचा खून झाला. पाहणारी एकटी सोमारी. सरपण वेचायला गेलेली, जन्माची मुकी-बहिरी. आईला तिनं दिवाणजी नि काठी एवढंच दाखवलं होतं. फौजदारानं तिच्या हातवाऱ्यांपायी कागदही मळवला नाही.

"मुकीचा जबाब कोन घेते, बाई?"

"तिले तोंड नाई पन डोये हायेत," शकुबाई म्हणाली. "तुमचं सारं तोंडच हाय."

तिचा पोरगा लटारू त्याच ठेकेदाराकडे मुकादम होता. तो हल्ली अंगणात जेवायला बसत नसे, घास घेऊन आत जाई. "जाऊ दे ना माय," तो म्हणायचा. "मुकीचं कोन आयकते?"

"मले आयकू येते. तेवढं पुरे."

नोकरीला भितो बिचारा, असं तिला वाटायचं. तिनं हट्ट सोडला नाही. फौजदाराच्या दारी, मग सरकारी वकिलाच्या ओट्यावर जाऊन बसली, शिव्या खाल्ल्या, दुपटीनं परत दिल्या. शेवटी दिवाणजीवर खटला उभा राहिला आणि चांद्याच्या कोर्टानं सोमारीला बोलावलं. सर्विस मोटारीत लटारूही बरोबर होता. सारी वाट तो बाहेरच बघत राहिला.

कोर्टात दिवाणजीचा वकील उठला. "साहेब, ही मुकी काय सांगणार? तिच्या नावावर आईच बोलेल."

"वकीलसायेब, तुमी दिवाणजीच्या नावावर बोलता ते चालते. मी पोटच्या पोरीच्या नावावर बोलली तं तुमाले काऊन झोंबते?"

लोक हसले. जजसाहेबही किंचित हसले आणि म्हणाले, कायद्यानं साक्ष खुणांनीही देता येते. शकुबाईला त्यांनी शपथ दिली. पोरगी दाखवेल तेच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही.

सोमारी पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं कानाची पाळी धरली.

"कोलू," शकुबाई म्हणाली.

सोमारीनं दिवाणजीकडे बोट केलं, काठी उगारल्यागत हात उचलला आणि आपल्या डोक्यावर आणला.

"दिवाणजीनं काठी मारली. डोक्यात."

मग सोमारीनं आपलेच दोन्ही हात पाठीमागं एकावर एक धरले.

"कोलूचे हात मांगून धरले होते."

"कोणी धरले?" जजसाहेबांनी विचारलं.

शकुबाईनं खुणेनं पोरीला विचारलं. सोमारीनं आपल्या उजव्या खांद्यावर थोपटलं.

लटारू बहिणीला खांद्यावर बसवून मार्कंड्याच्या जत्रेत न्यायचा. तेव्हापासून सोमारीच्या हातांत त्याचं नाव हेच होतं, आणि ते घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणते ती?"

"काई नाई सायेब. खांदा दुखते मनते. थकली ते."

सोमारी आईच्या तोंडाकडे बघत होती. लटारू म्हणताना आईचे ओठ कसे हलतात, तिला पाठ होतं. तसे ते हलले नाहीत. तिनं पुन्हा खांदा थोपटला. पुन्हा, अजून जोरानं. मग ती कठड्याला चिकटून बाजूला सरली आणि तेवढ्याशा पिंजऱ्यात तिनं आपल्याशेजारी कोणाला तरी जागा करून दिली.

भर उन्हाळ्याच्या त्या कोर्टात शकुबाईला मानेवर गारवा लागला.

"सायेब, खोटं बोलली मी आता," ती म्हणाली. "कोलूचे हात लटारूनं धरले."

सोमारीचे हात खाली आले.

"हा लटारू कोण?"

मागच्या बाकावर कोणीतरी धडपडून उठलं. शकुबाईनं वळून पाहिलं नाही.

"माहा पोरगा हाय," ती म्हणाली. "लिवा."