काटूची झाकलेली गोष्ट

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. बालवर्गाच्या खोलीत, खेळण्यांच्या कपाटावर माझा मुक्काम. भिंतीवर चित्रं हलली की मुलं टाळ्या पिटायची आणि मी फुशारून जायचो.

मग काटू आला. काटू म्हणजे कार्टूनमधलं साळिंदराचं पिल्लू. पोहायच्या कपड्यांनी जे झाकलं जातं, तिथे कुणी हात लावायचा नाही. लावलाच तर ‘नको’ म्हणायचं, पळायचं आणि घरी सांगायचं. ‘हे आपलं गुपित’ असं कुणी म्हटलं तरी सांगायचं. एवढंच तो शिकवायचा.

पण नेमका तो भाग आला, की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आवाज बंद करून माझ्या भिंगावर तळवा ठेवायच्या. "इवल्याशा पोरांना कशाला असलं?" तो क्रीमने चिकट झालेला तळवा! मला शिसारी यायची. हात निघेपर्यंत काटू आईच्या कुशीत असायचा. मुलांना वाटायचं, पोहून दमला असेल. आणि पाहुणे आले की बाई मिरवायच्या, "आमच्याकडे हे सगळं शिकवतात हो."

त्याहून किळस यायची ती खेळाच्या सरांची. फिल्मसाठी खोलीत अंधार झाला की ते खुसुखुसु हसत दोन वेण्यांच्या चिमीला मांडीवर ओढायचे. ती ताठ व्हायची. मला जीभ असती तर मी खोली डोक्यावर घेतली असती.

एकदा मोठ्या बाई तापाने घरी होत्या आणि सर मैदानावर. वर्गाच्या ताईंनी काटूची गोष्ट पहिल्यांदाच अख्खी दाखवली. चिमी उठून ताईंपाशी आली.

"ताई, काटूची आई रागावली नाही?"

"नाही गं. जवळ घेतलं तिने."

"मग मी पण सांगू?"

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "सांग. मी ऐकतेय."

सरांना पोलीस घेऊन गेले. चिमीच्या आईने मोठ्या बाईंना विचारलं, "ही फिल्म तुम्ही गेल्या वर्षीही दाखवलीत ना?"

"दाखवली की."

"मग माझ्या लेकीला हे आत्ता कसं कळलं?"

बाईंनी हात टेबलाखाली घेतला.

मित्रांनो, कुणाचा हात नकोसा वाटला, तर तुमची किळस खरी माना. सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. मी नुसता काचेचा आणि तारांचा, तरी मला किळस आली. तुम्ही तर माणसांची लेकरं आहात.