रुळांच्या टोकाचा बफर

मी एक जुना बफर आहे. स्टेशनात रूळ जिथे संपतात, तिथे जमिनीत पाय रोवून उभा. माझ्या पाठीशी घड्याळ, तिकीट-खिडकी आणि माणसांची रांग. माझ्या पोटात तेलाची जाड नळी आहे. गाडी येऊन टेकली, तर दट्ट्या आत सरकतो, तेल बारीक भोकांतून वाट काढतं आणि धक्का जिरतो. तेल नसेल, तर मी नुसता लोखंडाचा ठोकळा.

मित्रांनो, स्वस्थता म्हणजे काय, मला ठाऊक नाही. फलाटाच्या तोंडाशी वेगाची पाटी आहे : ताशी पंधरा किलोमीटर. वेग दुप्पट झाला, तर धक्का चौपट होतो. डब्यातली माणसं मात्र गाडी थांबण्याआधीच उठून बॅगा काढतात. प्रत्येक गाडी थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

नवा होतो तेव्हा साहेबलोक मला बघायला येत. पुढे वर्षानुवर्षं कुणी टेकलंच नाही, म्हणून मला विसरले. तेल ठिबकू लागलं. माझी देखभाल करणाऱ्या फिटरताईंनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही, तेव्हा त्या एका सकाळी स्वतःच डबा घेऊन आल्या.

गाडी लावून उतरलेले चालककाका हसले. "ताई, त्याला कशाला तेल पाजतेस? तिथवर गाडी नेली, तर नाव बदलीन!"

"मग काय तुम्हाला पाजू?" ताई म्हणाल्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतत राहिल्या.

काकांची एक सवय होती. शेवटचा ब्रेक ते वेगाच्या काट्याकडे बघून लावत नसत. फलाटावरचं हिरवं बाकडं खिडकीशी आलं, की हात आपोआप दांड्यावर जाई. बावीस वर्षं गाडी माझ्यापासून तीन पावलांवर थांबत आली होती.

त्या दुपारी झाडूवाल्या मावशींनी बाकडं उन्हातून सावलीत सरकवलं. माझ्याकडे, पंधरा पावलं. त्यांचं काय चुकलं? बसणाऱ्यांना ऊन लागत होतं.

गाडी आली. काटा अठरावर होता आणि काकांची नजर बाकडं शोधत होती. बाकडं जुन्या जागी आलं नाही. पाच पावलं गेली, दहा गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. शेवटी काकांनी मलाच समोर पाहिलं आणि ब्रेक पूर्ण ओढला. चाकं किंचाळली.

गाडी मला धडकली. दट्ट्या मुळापर्यंत गेला, सकाळचं तेल फसफसलं, आणि मी थरथरत तिला थोपवलं. डब्यात बॅगा कोसळल्या. उभी असलेली एक आजी आपल्या नातीवर पडली. दोघींना खरचटलं, तेवढंच.

काका खाली उतरले. माझ्या तापलेल्या नळीवर त्यांनी हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. फिटरताई धावत आल्या.

"ताई," काका पुटपुटले, "काय नाव ठेवू आता?"

"नाव राहू दे, काका. काटा बघत जा."

तेव्हापासून ते काटा बघतात. पण माझं तेल पुन्हा ठिबकतंय आणि ताईंचा चौथा अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे. मित्रांनो, गाडी थांबेपर्यंत बसून राहा. आणि कधी उतरून माझ्याजवळून गेलात, तर खाली तेलाचा डाग दिसतो का, एवढं बघा. दिसला, तर कुणाला तरी सांगा. पुढची गाडी सिग्नलपाशी आली आहे.