पुलाच्या राखणदाराचं दुसरं वाक्य

मित्रांनो, मी एका जुन्या व्हिडिओ गेममधला पुलाचा राखणदार आहे. आठवत नाही ना? साहजिक आहे. त्या गेममधला नायक सगळ्यांना आठवतो आणि दरीपलीकडचा तीन शिंगांचा रेडा तर आठवतोच आठवतो. मी त्या दोघांच्या मधे उभा असतो. माझ्याकडे बघायला कुणाला सवड?

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका छोट्या ऑफिसात झाला. खालून दिवसभर हातोड्यांचा आवाज यायचा. मला एका चित्रकार बाईंनी घडवलं. सगळे त्यांना ताई म्हणत. त्या काळच्या मशीनमध्ये जागा अगदी थोडी, त्यामुळे एक वस्तू काढली की तीच दहा ठिकाणी वापरायची, अशी तिथली रीत होती. माझं नाक गिरणीवाल्याचं आहे, मिशा एका सरदाराच्या आणि कोट हमालाचा. उजव्या कोपरावर लाल ठिपक्यांच्या कापडाचं एक ठिगळ आहे. ते कुणाचं, हे मला कळत नसे.

ताईंनी माझ्या पाठीमागे झोपडी काढली, तिच्यावर दिवा टांगला आणि मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. मान वळवायची सोय काही दिली नाही. म्हणजे घर माझंच, पण मी ते कधी पाहिलेलं नाही. दिव्याचा पिवळा उजेड माझ्या पायाशी पडतो, तेवढीच घराची ओळख.

बोलायला मला दोन वाक्यं मिळाली. ‘पूल जपून ओलांडा. पलीकडे कुणी विचारलं तर सांगा, दिवा चालू आहे.’ दिवा कुणासाठी, हे ताईंनी सांगितलं नाही. विचारावं म्हटलं, तर माझ्याजवळ तिसरं वाक्य नव्हतं.

मग कामाची वर्षं आली. हजारो घरांतले नायक माझ्यासमोरून गेले. कुणी तलवारीने टोचून बघितलं, कुणी माझ्या डोक्यावर चढून उड्या मारल्या. मी पहिलं वाक्य सुरू केलं की लोक धडाधड बटण दाबत आणि पुढे पळत. दुसरं वाक्य वर्षानुवर्षं माझ्या घशातच राहिलं. एकदा एका मासिकात आमची स्तुती छापून आली म्हणे. पूल फार सुंदर काढलाय, असं लिहिलं होतं. पुलावरच्या माणसाबद्दल चकार शब्द नव्हता.

नंतर नवे गेम आले आणि आमची रवानगी एका खणात झाली. गुंतलेल्या वायरी आणि संपलेले सेल, एवढीच सोबत. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तो खण एका काकांचा होता. धुण्याची मशीनं दुरुस्त करणारे गृहस्थ, जुनं काही टाकवत नसे. सुट्टीत त्यांची पुतणी आली. तिला सगळे चिमणी म्हणत. तिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, म्हणून ती एकेक अक्षर लावून वाचायची. मित्रांनो, आम्ही पडद्यावरची माणसं तुमचं बोलणं ऐकत असतो. त्या दिवशी माझं दुसरं वाक्य पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

चिमणी पूल ओलांडेना. तिला रेड्याची भीती. मग काय, ती माझ्या झोपडीभोवतीच घुटमळू लागली आणि माझं घर मला तिच्या तोंडून कळू लागलं.

“काका, दारात छोटे बूट आहेत. या राखणदाराला मूल आहे.”

काका म्हणाले, “अगं, तेच बूट मघाशी चांभाराच्या दुकानात नव्हते का? उरलंसुरलं सामान कुठेही टाकतात हे लोक.”

आत्ताच मूल मिळालं होतं, आत्ताच गेलं.

पण चिमणी चिवट. “मग ही खुंटी बघ ना. याच्या गुडघ्याएवढी खाली. इतक्या खाली कोण टांगतं कपडे?”

मग दोघांनी मिळून गेममधली सगळी घरं पालथी घातली. बाकीच्या खुंट्या एकजात उंचावर होत्या. ही एवढीच कुणीतरी मुद्दाम वेगळी काढली होती. जिथे नाकसुद्धा उसनं आणायचं, तिथे माझ्या दाराशी नवी खुंटी.

“मूल असेल तर मग ते गेलं कुठे?” काकांनीच विचारलं. आता त्यांनाही चैन पडेना.

“पलीकडे,” चिमणी म्हणाली. “उगाच का हा पलीकडचं बोलतो? काका, तू मार ना त्या रेड्याला.”

“प्रश्न तुझा, तर रेडापण तुझाच.”

पोर किती वेळा हरली, याला गणती नाही. प्रत्येक वेळी पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहायची, माझी दोन्ही वाक्यं वाचायची आणि जायची. मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहायचो. शेवटी एकदा ती परत आली नाही. पलीकडून रेड्याची डरकाळी आली आणि मग शांत झालं.

रेड्याच्या पुढे एक विहीर आहे. तिच्या काठावर एक मुलगी बसलेली असते. बक्षिसाच्या पेटीकडे धावताना तिच्याकडे कुणी बघत नाही. चिमणीने तिचं वाक्य मोठ्याने वाचलं: “पूल फार हलतो. मी एकटी नाही येणार.”

“काका, हिचा फ्रॉक बघ. लाल ठिपके. याच्याच कापडाचं ठिगळ आहे राखणदाराच्या कोपराला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. सगळा जन्म मी लेकीच्या फ्रॉकचा तुकडा अंगावर घेऊन उभा होतो.

“रंग वाचवले असतील,” काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. “आणि हिची आई?”

“विहिरीमागच्या घरात. पोरीला एकटं कोण सोडतं?”

काकांनी हळूच नायकाला मागे वळवलं. दरी, झाडं, डोंगराची कड, आणि त्या सगळ्यापलीकडे टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका. माझा दिवा. तिथे थांबून मागे वळून कुणी बघणार नव्हतं, तरी ताईंनी तो काढून ठेवला होता. काका हे सगळं चिमणीला मोठ्याने सांगत होते, म्हणून मला कळलं.

आमच्या गेममध्ये निरोप द्यायची सोय नाही. चिमणीने तो तोंडानेच दिला. आधी विहिरीवर, मग सगळी वाट उलटी चालत येऊन मला. “सांगितलं तिला. दिवा दिसतो तिला तिथून.”

मला उत्तर द्यायचं होतं. पण मी म्हणालो, “पूल जपून ओलांडा.” तिने बटण दाबलं नाही. पुढचंही ऐकून घेतलं.

आता चिमणी खेळ थांबवते तेव्हा नायकाला विहिरीवर, माझ्या लेकीशेजारी उभं करून जाते. तेवढीच तिला सोबत. लेक येईल की नाही, मला ठाऊक नाही. पूल खरंच फार हलतो.

मित्रांनो, तेच तेच बोलणारा माणूस तुम्हालाही भेटेल. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा. बटण जरा दमाने दाबा. त्याचं दुसरं वाक्य तुमच्यासाठी नसेलही, पण ते पोचवायला त्याच्याकडे तुमच्याशिवाय कुणी नसतं.

बरं, निघा आता. पूल जपून ओलांडा. पलीकडे कुणी विचारलं तर सांगा, दिवा चालू आहे.